लांब पल्ल्याची रिव्हॉल्व्हर-शिकार : हत्याराची आणि दुर्बिणीची निवड

उत्तर अमेरिकेच्या गवताळ पठारांवर पिकांना व कुरणांना उपद्रव देणाऱ्या लहान प्राण्यांची शिकार रायफलऐवजी दुर्बीण बसवलेल्या रिव्हॉल्व्हरने करण्याचा प्रघात. अशा प्राण्यांना तिथे ‘व्हार्मिंट’ म्हणतात. ‘व्हर्मिन’ या शब्दाचे हे गावठी रूप असून त्याचे मूळ कृमी या अर्थाच्या लॅटिन ‘व्हर्मिस’मध्ये आहे. पश्चिमेकडच्या वायोमिंग, मोंटाना, साउथ डकोटा या राज्यांत हा प्राणी म्हणजे मुख्यतः प्रेअरी डॉग. नावात कुत्रा असला तरी ती जमिनीत बिळे करून वसाहतीने राहणारी खार आहे. भुंकल्यासारख्या आवाजामुळे तिला ते नाव पडले. पूर्वेकडे ग्राउंडहॉग (खारीच्याच कुळातला जाडजूड, बिळात राहणारा प्राणी) आणि बऱ्याच ठिकाणी कोयोटी (लांडग्याच्या जातीचा लहान प्राणी) हेही या वर्गात मोडतात.

प्रेअरी डॉगचे वजन सुमारे १ किग्रॅ. बिळाच्या तोंडाशी मागच्या पायांवर उभा राहिला की त्याची उंची साधारण ३० सेंमी. भरते आणि अंगाची रुंदी माणसाच्या तळहाताएवढी असते. हत्याराची, काडतुसाची आणि दुर्बिणीची सगळी निवड या तळहाताएवढ्या मापावरून ठरते. रायफलवाले याच प्राण्यावर ३००–४०० मी. वरून नेम धरतात. रिव्हॉल्व्हरला मात्र १०० मी. हाच लांब पल्ला. १५० मी. वर भरवशाने नेम साधणारी माणसे थोडी आणि तशी हत्यारे त्याहून थोडी.

उघड्या नेमाची मर्यादा. दुर्बीण नसेल तर नेम धरण्यासाठी नळीच्या टोकावर जो उभा खुंट असतो, ती माशी सुमारे ३ मिमी. रुंद असते आणि हात ताणून धरल्यावर ती डोळ्यापासून ८० सेंमी.च्या आसपास येते. या प्रमाणात ती १०० मी. अंतरावरचा सुमारे ३७ सेंमी. भाग झाकून टाकते, म्हणजे उभा प्रेअरी डॉग तिच्यामागे पुरता नाहीसा होतो. आयडाहोचा पशुपालक व शिकारी एल्मर कीथ उघड्या नेमानेच फार लांबवर मारा करण्यासाठी प्रसिद्ध होता. १९५५ साली स्मिथ अँड वेसन व रेमिंग्टन या कंपन्यांनी बाजारात आणलेल्या .४४ मॅग्नम या जोरकस काडतुसामागे त्याच्या आग्रहाचा मोठा वाटा होता. पण त्याचे लांबचे लक्ष्य हरणाएवढे किंवा खडकाएवढे असे. तळहाताएवढ्या लक्ष्यासाठी दुर्बीण लागतेच. १९६०च्या दशकात बुशनेलने ‘फँटम’ ही खास पिस्तुलासाठीची छोटी दुर्बीण विकायला काढली आणि हा छंद शक्य झाला.

सिलिंडरचा प्रश्न. रायफलीत काडतुसाचे घर आणि नळी हा एकच धातूचा तुकडा असतो. रिव्हॉल्व्हरमध्ये पाच-सहा घरांचे सिलिंडर फिरते, प्रत्येक घर आळीपाळीने नळीसमोर येते आणि दोहोंच्या मध्ये साधारण ०.१० ते ०.१५ मिमी. फट राहते. गोळी ही फट उडी मारून ओलांडते. घर नळीच्या सरळ रेषेत थांबले नाही, तर गोळी नळीच्या मागच्या तोंडाला एका कडेने घासत शिरते आणि तिचा तोल बिघडतो. सहाच्या सहा घरांची रेषा सारखी असेल तरच सहा गोळ्या एका ठिकाणी पडतील. म्हणून निवडीत पहिला मान सिलिंडरला द्यावा. नळीची लांबी, मुठीचे लाकूड, नावाचा दबदबा हे सगळे त्यानंतर.

ही गोष्ट सर्वांत गांभीर्याने घेतली ती वायोमिंगमधल्या फ्रीडम या गावच्या फ्रीडम आर्म्स कंपनीने. १९८३ पासून ती .४५४ कॅसल या काडतुसासाठी पाच घरांची रिव्हॉल्व्हरे बनवते. त्यांत सिलिंडर चौकटीत जागच्या जागी बसवून घरे नळीच्या रेषेतच कोरली जातात. अशा हत्याराला दुर्बीण लावून वाळूच्या पिशवीवरून मारा केला, तर १०० यार्डांवर (९१ मी.) सुमारे ५ सेंमी.च्या वर्तुळात गोळ्या बसवणे चांगल्या नेमबाजाला जमते. कारखान्यातून सरसकट निघणाऱ्या रिव्हॉल्व्हरचे वर्तुळ बहुधा याच्या दुपटीचे असते आणि तळहाताएवढ्या लक्ष्यापुढे ते आधीच मोठे पडते. रुगर या कंपनीची सुपर रेडहॉक (१९८७) आणि ब्लॅकहॉक घराण्यातली हत्यारे याच मधल्या पायरीवरची. दणकट, तुलनेने स्वस्त, आणि एखादा नग अपेक्षेपेक्षा फार चांगला निघू शकतो.

साधे रिव्हॉल्व्हर घेतले तरी एक तपासणी घरच्या घरी करता येते. सहाही घरांना खुणेचे आकडे द्यावेत आणि प्रत्येक घरातून पाच-पाच गोळ्या वेगवेगळ्या कागदांवर माराव्यात. एखादे घर बाकीच्यांपासून दूर मारते असे आढळले, तर शिकारीच्या वेळी ते रिकामे ठेवावे. वसाहतीतल्या पहिल्या बारानंतर प्राणी बिळात जातातच, तेव्हा सहाव्या गोळीची फारशी गरजही पडत नाही.

काडतूस. १०० मी. जाण्यासाठी .४४ मॅग्नमच्या सुमारे ४०० मी. प्रतिसेकंद वेगाच्या गोळीला पाव सेकंदाहून थोडा जास्त वेळ लागतो. पाव सेकंदात कोणतीही वस्तू ३० सेंमी. खाली पडते आणि अर्ध्या सेकंदात १.२ मी. अंतराचा अंदाज थोडा चुकला तरी गोळी एक तर प्राण्याच्या डोक्यावरून जाते किंवा त्याच्या पुढ्यात मातीत शिरते. म्हणून शिकाऱ्यांची ओढ हलक्या आणि वेगवान गोळीकडे असते. रिव्हॉल्व्हरने मात्र या ओढीला नेहमीच दाद दिलेली नाही, आणि तो इतिहास सांगण्याजोगा आहे.

स्मिथ अँड वेसनने १९६१ मध्ये .२२ रेमिंग्टन जेट या काडतुसासाठी ‘मॉडेल ५३’ हे रिव्हॉल्व्हर काढले. .३५७ मॅग्नम काडतुसाच्या पुंगळीची (दारू भरलेल्या धातूच्या नळकांड्याची) मान आवळून त्यात बारीक .२२ ची गोळी बसवायची, अशी ती रचना. कागदावर ती उपद्रवी प्राण्यांच्या शिकारीला अगदी नेमकी होती. पण बाटलीच्या आकाराची पुंगळी बार उडताच मागे सरकून चौकटीच्या पाठीला रेटते, आणि मग सिलिंडर फिरेनासे होते. घरांत तेलाचा अंश राहिला तर त्रास आणखी वाढे. मॉडेल ५३ चे उत्पादन १९७४ मध्ये थांबले. त्याच सुमाराच्या .२५६ विंचेस्टर मॅग्नम काडतुसाची अडचणही तीच होती. त्याच्यासाठी रुगरने शेवटी ‘हॉकआय’ हे एकाच काडतुसाचे पिस्तूल काढले. १९८३ मध्ये लांबट पुंगळीच्या .३५७ मॅक्सिममने दुसरी वाट धरून पाहिली. पुंगळी सरळ असल्याने सिलिंडर अडकेना, पण हलक्या गोळ्या आणि भरपूर दारू यांच्या जोडीने फटीतून निसटणारा तप्त वायू चौकटीची वरची पट्टी कोरू लागला, आणि रुगरने ते रिव्हॉल्व्हर मागे घेतले.

वेगाची ही हौस पुरवली ती रिव्हॉल्व्हर नसलेल्या पिस्तुलांनी. रेमिंग्टनचे एक्सपी-१०० (१९६३) हे बोल्टचे पिस्तूल .२२१ फायरबॉलची गोळी सुमारे ८०० मी. प्रतिसेकंद वेगाने सोडते. थॉम्सन/सेंटरचे काँटेंडर (१९६७) नळ्या बदलून अनेक काडतुसे चालवते. दोन्हींत फट नाही आणि फिरते घरही नाही. २०० मी. पलीकडच्या प्रेअरी डॉगसाठी पिस्तूलच हवे असेल, तर यांपैकी एक घ्यावे. रिव्हॉल्व्हरकडून ते काम मागू नये.

रिव्हॉल्व्हरसाठी आज समजूतदार पर्याय असे दिसतात. ५०–७० मी. पर्यंत .२२ मॅग्नम किंवा २००२ मध्ये आलेले .१७ एचएमआर. दुसऱ्याची गोळी जेमतेम १.१ ग्रॅ.ची, त्यामुळे पठारावरच्या वाऱ्यात ती सहज ढकलली जाते. १०० मी. च्या आसपास चांगल्या सिलिंडरचे .३५७ मॅग्नम सर्वांत उपयोगी : धक्का सोसवतो, काडतुसे सगळीकडे मिळतात आणि दिवसभर मारा केला तरी हात शाबूत राहतो. .४४ मॅग्नम कोयोटीसाठी ठीक. २००५ मध्ये आलेल्या .४६० स्मिथ अँड वेसन मॅग्नमची हलकी गोळी सुमारे ७०० मी. प्रतिसेकंद वेग गाठते आणि तिचा मार्ग खरोखर सपाट असतो. पण २ किग्रॅ. वजनाचे ते हत्यार मोठ्या जनावरांसाठी घडवलेले आहे. १ किग्रॅ.च्या खारीवर त्याचा बार काढण्यात मला औचित्य दिसत नाही.

दुर्बीण. रायफलची दुर्बीण डोळ्यापासून ८–१० सेंमी. वर धरावी लागते. ती रिव्हॉल्व्हरवर बसवून डोळा तितका जवळ नेला, तर धक्क्याने उसळलेली दुर्बीण भुवई फोडील. पिस्तुलाच्या दुर्बिणीत चित्र ताणलेल्या हाताच्या अंतरावर, साधारण ४५ ते ६० सेंमी. वर दिसेल अशी भिंगांची योजना असते. याची किंमत दृश्यक्षेत्रात मोजावी लागते. दुपटीने मोठे दाखवणाऱ्या दुर्बिणीतून १०० यार्डांवर सुमारे ६ मी. रुंदीचे माळरान दिसते, चौपटीच्या दुर्बिणीतून ३ मी.च्याही आत. त्याहून वर गेले की, डोळा जरा हलताच चित्र काळे पडते आणि वसाहतीतला नेमका प्राणी शोधण्यातच वेळ जातो. हाताचा कंपही तितक्याच पटीने मोठा दिसतो. ज्याने टेकू घ्यायचे ठरवले आहे त्याला २.५ ते ८ पट बदलता येणारी लूपोल्डची किंवा २ ते ७ पटीची बरिसची दुर्बीण फार उपयोगी पडते : कमी पटीवर प्राणी हुडकायचा, मग पट वाढवून नेम धरायचा. नुसत्या हातांवर मारा करणाऱ्याने २ पटीवरच थांबावे.

दृष्टिभेदाकडे, म्हणजे डोळा हलला की नेमाची खूण लक्ष्यावरून सरकण्याकडे, बहुतेक नवशिके दुर्लक्ष करतात. रायफलीच्या दस्त्यावर गाल टेकतो, म्हणून डोळा दर वेळी एकाच जागी येतो. रिव्हॉल्व्हरमागे डोके मोकळे असते. ३२ मिमी. भिंगाची दुर्बीण ५० मी. साठी जुळवलेली असेल आणि लक्ष्य १५० मी. वर असेल, तर डोळा भिंगाच्या कडेला सरकल्याने नेम ३ सेंमी. पर्यंत ढळतो. तळहाताएवढ्या लक्ष्यात ३ सेंमी. पुष्कळ झाले. म्हणून घेताना ती किती अंतरासाठी जुळवलेली आहे ते विचारावे, आणि मारताना चित्राच्या भोवतीचे काळे कडे चारी बाजूंनी सारखे आहे ना, ते पाहावे.

दुर्बिणीइतकीच तिची बैठक महत्त्वाची. धक्का बसताना हत्यार एकदम मागे-वर उसळते आणि दुर्बीण आपल्या जडत्वाने जागीच राहू पाहते. हा सगळा ताण बारीक स्क्रूंवर येतो. सुपर रेडहॉकच्या चौकटीतच दुर्बीण धरणाऱ्या कड्यांसाठी खोबणी कोरलेल्या असतात, आणि या एका सोयीसाठीसुद्धा ते हत्यार निवडणे योग्य ठरते. जिथे पट्टी स्क्रूने बसवावी लागते तिथे जड काडतुसांसाठी दोनऐवजी तीन कडी वापरतात.

मारा. टेकू चौकटीखाली किंवा मनगटाखाली द्यावा. नळीखाली दिला तर गोळ्या वर जातात. सिलिंडरच्या फटीशेजारी बोट, बाही किंवा पिशवीची कड येता कामा नये. जोरकस काडतुसांच्या फटीतला वायू बोटाला गंभीर इजा करू शकतो. आवाज १५० डेसिबलच्या वर जातो, त्यामुळे उघड्या माळावरही कानांचे संरक्षण हवे. या शिकारीची खरी तालीम धातूच्या आकृत्यांच्या स्पर्धांत झाली. मेक्सिकोतून आलेल्या या खेळाची पिस्तुलासाठीची अमेरिकी संघटना १९७६ मध्ये स्थापन झाली. त्यात कोंबडी ५०, डुक्कर १००, टर्की १५० आणि मेंढा २०० मी. वर उभा असतो.

बंधने. परवान्याचे नियम राज्यागणिक बदलतात. यूटा प्रेअरी डॉग ही जात संरक्षित आहे. काळ्या पायांचा फेरेट हा दुर्मीळ प्राणी जवळजवळ पूर्णपणे प्रेअरी डॉगवर जगतो. तो नामशेष झाला असे मानले जात असताना १९८१ मध्ये वायोमिंगमधल्या मिटीट्सीजवळ पुन्हा सापडला, आणि त्याच्या पुनर्वसनाच्या काही प्रदेशांत ही शिकार बंद आहे. ‘उपद्रवी’ हा शब्द एका जातीला लावताना तिच्यावर जगणाऱ्या दुसऱ्या जातीचे काय होते, हे इथे स्पष्ट दिसले. भारतात छंदाची शिकार १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमाने व त्याच्या १९९१ च्या दुरुस्तीने बंद केली. रानडुक्कर, रोही यांच्या पीकनासाडीवर आपल्याकडे उपाय निघतात ते सरकारी परवानगीच्या चौकटीत. रिव्हॉल्व्हर व दुर्बिणीच्या या छंदाला इथे वाव नाही.

काडतूस निवडताना शिशाचाही विचार करावा लागतो. फुटणाऱ्या गोळीचे कण माळावर पडलेल्या मृत प्राण्यांत राहतात आणि ते खाणाऱ्या गरुड-ससाण्यांना विषबाधा होते. कॅलिफोर्नियात १ जुलै २०१९ पासून सर्व शिकारीत शिशाच्या गोळ्यांना बंदी आहे. तांब्याची गोळी तेवढ्याच वजनाच्या शिशाच्या गोळीपेक्षा लांब असते आणि तिला स्थिर ठेवायला नळीतल्या खाचांचा पीळ अधिक घट्ट लागतो. त्यामुळे एकाच रिव्हॉल्व्हरमध्ये दोन्ही गोळ्या सारख्या बसतीलच असे नाही. दुर्बीण कायमची जुळवण्याआधी जी गोळी माळावर नेणार तिच्यानेच कागदावरची तपासणी, घरागणिक, पुन्हा करावी लागते.