कॉटरीशिवाय दुर्बिणीतून पित्ताशय काढणं

पोटावर तीन-चार बारीक भोकं पाडून कॅमेऱ्यात बघत पित्ताशय काढायचं, पण जाळणारं कुठलंच हत्यार न वापरता, नुसती कात्री, गॉजचा बोळा, क्लिप आणि दोरा एवढ्यावर. मिरजेत, जिथं वानलेस हॉस्पिटल १८९४ पासून आहे, तिथं ओपीडीबाहेर बसलं की "लेझरनं करणार का?" हा प्रश्न हमखास कानावर येतो, पण ह्या ऑपरेशनात लेझर सहसा नसतोच, असते ती कॉटरी, म्हणजे विजेवर तापवून कापायचं आणि रक्त थांबवायचं. आणि खडे तेवढे काढतात हाही गैरसमजच, खड्यांसकट अख्खी पिशवी निघते, खडे मग नातेवाइकांना बाटलीत दाखवतात.

पोट उघडून पहिलं पित्ताशय १८८२ ला बर्लिनमध्ये लांगेनबुखनं काढलं, दुर्बिणीतून १९८५ ला जर्मनीतच एरिख म्यूहनं. भारतात १९९० ला मुंबईत डॉ. तेहेमटन उडवाडियांनी सुरुवात केली.

आता कॉटरी नको का वाटते? साध्या मोनोपोलर कॉटरीत करंट टोकातून निघून पेशंटच्या अंगातून मांडीला चिकटवलेल्या प्लेटपर्यंत जातो. हत्याराचं आवरण कुठं फाटलेलं असेल तर ठिणगी कॅमेऱ्यात न दिसणाऱ्या जागी आतड्याला लागू शकते, किंवा टोक धातूच्या क्लिपला टेकलं तर क्लिपखालची नळी भाजते. त्या वेळी काहीच दिसत नाही. भाजलेला भाग चार-पाच दिवसांनी सडून फुटतो आणि तोवर पेशंट जत-आटपाडीकडं घरी पोचलेला असतो. शिवाय मुख्य पित्तनळीच्या रक्तवाहिन्या तिच्या दोन्ही कडांनी जातात, तिथं उष्णता पोचली तर नळी काही महिन्यांनी आकसते आणि कावीळ होते. हार्मोनिकमध्ये, म्हणजे पातं अतिवेगानं थरथरवून कापणाऱ्या हत्यारात, पेशंटच्या अंगातून वीज जात नाही हे खरं, पण पातं तापतंच, बटण सोडल्यावरही थोडा वेळ गरम राहतं, त्यामुळं ते काही 'बिनउष्णतेचं' नाही. पेसमेकर असेल तर मात्र वीज टाळलेली बरीच, आणि काहीच जाळलं नाही तर धूर होत नसल्यानं कॅमेराही स्वच्छ राहतो.

पण कॉटरी नाही म्हणजे ऑपरेशन सेफ, हे गणित चुकीचं. दुर्बिणीच्या ऑपरेशनात मुख्य पित्तनळीला इजा होण्याचं प्रमाण साधारण हजारात तीन ते पाच धरतात, आणि त्यातल्या बहुतेक इजा भाजल्यानं नव्हे तर मुख्य नळीच पित्ताशयाची नळी समजून कापल्यानं होतात. थंड कात्रीनं चुकीची नळी कापली तरी ती कापलीच. म्हणून १९९५ ला सर्जन स्ट्रासबर्गनं सांगितलेली अट इथंही तशीच लागू: कॅलोच्या त्रिकोणातली, म्हणजे पित्ताशयाची नळी, मुख्य पित्तनळी आणि लिव्हर यांच्यामधल्या जागेतली चरबी साफ करायची, पित्ताशयाचा खालचा एक तृतीयांश भाग लिव्हरपासून सुटा करायचा आणि पित्ताशयात फक्त दोनच गोष्टी, एक नळी आणि एक धमनी, जाताना दिसल्याशिवाय काही कापायचं नाही.

रक्ताचं काय? धमनीला क्लिप किंवा गाठ मारली की मोठा प्रश्न मिटतो. राहिली लिव्हरवरची जागा, तिथं पित्ताशय आणि लिव्हर यांच्यामधला थर नेमका सापडला तर ते कांद्याच्या पापुद्र्यासारखं सुटत जातं, रक्त झिरपलं तर गॉज धरून काही मिनिटं दाबायचं. घाई असणाऱ्या सर्जनचं हे काम नाही. एक फसवी गोष्ट अशी की पोटात भरलेला गॅस १२ ते १५ मिलिमीटर पाऱ्याइतक्या दाबाचा असतो, त्या दाबानं बारीक शिरा आपोआप बंद राहतात, त्यामुळं शेवटी दाब कमी करून परत एकदा बघावं लागतं. आणि लिव्हरच्या पृष्ठभागावर कधीकधी बारीक पित्तनळ्या असतात, त्या जाळून बंद केलेल्या नसल्यानं तिथून पित्त गळू शकतं, हा ह्या पद्धतीचा स्वतःचा तोटा.

सिरोसिस (लिव्हर कडक होणं), रक्त पातळ करायच्या गोळ्या, सडलेलं किंवा फार सुजलेलं पित्ताशय, अशा वेळी थर तरी सापडत नाही किंवा रक्त तरी सहज थांबत नाही. तिथं 'बिनकॉटरी'चा हट्ट धरण्यात काही अर्थ नाही, सरळ कॉटरी मागवावी, नाहीतर पिशवीचा काही भाग मागे ठेवावा, नाहीतर पोट उघडावं. कुठल्याही पद्धतीनं केलेलं असो, घरी गेल्यावर पोटदुखी कमी व्हायच्या ऐवजी वाढली, ताप आला, डोळे पिवळे दिसले तर ॲसिडिटीची गोळी देऊन वाट बघू नये, त्याच दिवशी परत हॉस्पिटल गाठावं.