हँडल मारून घरात किती वीज बनते?

घरच्या घरी अल्टरनेटर, म्हणजे फिरवून वीज बनवणारं यंत्र, बनवणं तसं फार अवघड नाहीये. निओडिमियमचे १२ मॅग्नेट एका गोल प्लेटवर उलटसुलट ध्रुव करून चिकटवायचे, समोर वाइंडिंग वायरच्या कॉइल्स बसवायच्या, हँडल फिरवलं की एलईडी लागतो. मुलांनी हे करायलाच हवं. पण त्यानंतर लगेच "मग यावर घर का नाही चालवायचं?" हा प्रश्न येतो, आणि तिथे आकड्यांशिवाय बोलण्यात अर्थ नाही.

कॉइलची टोकं मोकळी असताना हँडल एका बोटाने फिरतं. आता फिरवता फिरवता तीच टोकं एकमेकांना टेकवा, हँडल एकदम जड होतं, कुणीतरी पलीकडून धरून ठेवल्यासारखं. करंट वाहायला लागला की त्याचं चुंबकीय क्षेत्र फिरणाऱ्या मॅग्नेटला विरोध करतं, लेंझचा नियम तो हाच. म्हणजे जेवढी वीज काढाल तेवढा जोर हाताने लावायचाच, कितीही भारी मॅग्नेट आणा, यातून सुटका नाही.

आणि हाताचा जोर किती? धडधाकट माणसाने दमाने फिरवत राहायचं म्हटलं तर साधारण ५० वॅट धरा. घरगुती मशीनमध्ये बेअरिंग, तार, डायोड मिळून त्यातले निम्मे सहज जातात, उरले २५. एक युनिट म्हणजे १००० वॅट-तास, म्हणजे एका युनिटला ४० तास हँडल मारायचं! २००० वॅटचा गीझर १५ मिनिटांत अर्धं युनिट खातो.

दुसरी अडचण स्पीडची. १२ मॅग्नेट म्हणजे ६ जोड्या, मिनिटाला ६० फेरे मारले तर फक्त ६ हर्ट्झ (वीज सेकंदाला ६ वेळा उलटसुलट होते), घरच्या विजेसारखे ५० हर्ट्झ हवे तर ५०० फेरे लागतात, म्हणून सायकलची चेन किंवा पुली लावून स्पीड वाढवावा लागतो आणि घर्षणही वाढतं. व्होल्टेज कमी पडतंय म्हणून बरेच जण बारीक तारेचे दुप्पट वेढे घालतात, पण तेवढ्याच जागेत वेढे दुप्पट केले की तारेचा रेझिस्टन्स चौपट होतो, व्होल्टेज वाढतं पण पॉवर तिथल्या तिथेच. त्यात ब्रिज रेक्टिफायर (एसीचं डीसी करणारे चार डायोड) १.४ व्होल्ट खातो, ३ व्होल्टच बनत असतील तर जवळपास अर्धे गेले.

तरी हे निरुपयोगी अजिबात नाही. ऑस्ट्रेलियात १९२९ च्या सुमारास आल्फ्रेड ट्रेगर यांनी पेडलवर चालणारा रेडिओ बनवला, जनरेटर जेमतेम २० वॅटचा, पण शेकडो मैल लांबच्या वस्त्यांना त्यावरून फ्लाइंग डॉक्टरशी, म्हणजे विमानाने येणाऱ्या डॉक्टरांच्या सेवेशी, बोलता यायचं. पायांना ताकद जास्त, ७५-१०० वॅट आरामात देतात, त्यामुळे बनवायचंच असेल तर पेडलचं बनवा, मध्ये छोटी बॅटरी ठेवा आणि लोड एलईडी, रेडिओ, मोबाईल एवढाच धरा. ५००० एमएएचच्या फोनला साधारण २० वॅट-तास लागतात, चार्जिंगमधला लॉस धरूनही तासाभराच्या आत काम होतं.