सेंद्रिय अर्धवाहक पटल

कार्बनी रेणूंचा किंवा पॉलिमरचा काही नॅनोमीटर ते सुमारे २०० नॅनोमीटर जाडीचा, विद्युतभार वाहून नेणारा थर. ओएलईडी (सेंद्रिय प्रकाश-उत्सर्जक डायोड) पडदे, सेंद्रिय सौरघट आणि सेंद्रिय ट्रान्झिस्टर या थरांवरच चालतात. हिदेकी शिराकावा, ॲलन मॅकडायार्मिड आणि ॲलन हीगर यांनी १९७७ साली आयोडीनची वाफ देऊन पॉलिॲसिटिलीनची वाहकता अनेक पटींनी वाढवली. २००० सालचे रसायनशास्त्राचे नोबेल याच कामासाठी मिळाले. १९८७ साली चिंग तांग व स्टीव्हन व्हॅन स्लाइक यांनी निर्वातात दोन सेंद्रिय थर चढवून १० व्होल्टपेक्षा कमी दाबावर उजळणारा डायोड केला.

सिलिकॉनमध्ये अणू सहसंयुज बंधांनी जखडलेले असतात. इथे रेणू-रेणूंमध्ये फक्त क्षीण व्हान डर वाल्स ओढ असते आणि भार एका रेणूवरून दुसऱ्यावर उडी मारत जातो. त्यामुळे रेणू कसे रचले गेले यावर जवळजवळ सगळे अवलंबून असते. पेंटासीन या पाच जोडकड्यांच्या लांबट अर्धवाहकाचे रेणू सिलिकॉन डायऑक्साइडवर उभे राहतात, स्वच्छ सोन्यावर आडवे पडतात. प्रवाह पृष्ठभागाला समांतर हवा असल्याने ट्रान्झिस्टरला उभी रचना सोयीची. सौरघटात प्रवाह थराच्या आरपार जातो, म्हणून तिथे आडवी रचना बरी.

ट्रान्झिस्टरमधला भार विद्युतरोधकाला लागून असलेल्या पहिल्या दोन-तीन रेणुथरांतच साठतो. ५० नॅनोमीटर पेंटासीन चढवले तरी काम करतात तळाचे जेमतेम ५ नॅनोमीटर. म्हणून पटलाची प्रत ते चढवण्याआधीच, सब्स्ट्रेट (ज्यावर पटल चढवतात ती चकती) धुताना ठरते. साबणपाणी, विआयनित पाणी, ॲसिटोन, आयसोप्रोपेनॉल या क्रमाने प्रत्येकी १० मिनिटे अल्ट्रासॉनिक टाकीत धुवावे. ॲसिटोन वाळू देऊ नये, त्याचा डाग राहतो. ओल्यातच पुढच्या चंचुपात्रात घालावे. मग नायट्रोजनचा फवारा आणि १५ मिनिटे यूव्ही-ओझोन, म्हणजे अतिनील प्रकाश व ओझोनने सफाई. आता पाण्याचा थेंब सपाट पसरला पाहिजे. पण या पृष्ठभागावरचे हायड्रॉक्सिल गट इलेक्ट्रॉन अडकवतात, म्हणून वर ओटीएस किंवा एचएमडीएस या सिलेनचा (पृष्ठभागाला बांधला जाणाऱ्या सिलिकॉनयुक्त संयुगाचा) एकरेण्वीय थर देतात. चांगल्या ओटीएस थरावर पाण्याचा संपर्ककोन (थेंबाची कड पृष्ठभागाशी करते तो कोन) १०० अंशांच्या वर जातो. दमट हवेत ओटीएसच्या गाठी होतात आणि पेंटासीनचे स्फटिककण त्या गाठींभोवतीच वाढू लागतात.

निर्वात निक्षेपणात (पदार्थाची वाफ करून थर चढवताना) दाब १०⁻⁶ मिलिबारच्या आसपास, वेग सेकंदाला ०.१ ते ०.५ अँगस्ट्रॉम आणि सब्स्ट्रेट ६० अंश सेल्सिअसला ठेवतात. पदार्थाची कुपी (क्रूसिबल) तापताना तिच्यावरचे शटर बंदच असावे, कारण सुरुवातीला बाहेर पडतात ती मुख्यतः बाष्पशील अशुद्धी. थराची जाडी दाखवणाऱ्या क्वार्ट्झ मॉनिटरचा आकडा म्हणजे नमुन्यावरची जाडी नव्हे. दोघांची जागा वेगळी असल्याने प्रोफाइलोमीटरवर (सुईने पायरीची उंची मोजणाऱ्या यंत्रावर) मोजून गुणक बसवावा लागतो. वेग वाढला की कण बारीक होतात आणि त्यांच्या सीमांवर भार अडतो. जमलेल्या पटलावर एएफएममध्ये (अणुबल सूक्ष्मदर्शकात) सुमारे १.५ नॅनोमीटर उंचीच्या पायऱ्या दिसतात, म्हणजे उभ्या रेणूंचा एकेक मजला.

पॉलिमर द्रावणातून चढवतात. पी३एचटी हा अर्धवाहक पॉलिमर क्लोरोबेंझीनमध्ये मिलिलिटरला १० मिलिग्रॅम घेऊन ५० ते ६० अंशांवर ढवळतात, ०.४५ मायक्रॉनच्या पीटीएफई फिल्टरमधून गाळतात आणि सब्स्ट्रेटवर टाकून तो मिनिटाला १५०० फेऱ्यांनी ६० सेकंद फिरवतात. जाडी साधारणपणे वेगाच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात बदलते. ती निम्मी करायची तर वेग चौपट. क्लोरोफॉर्म ६१ अंशांनाच उकळते, साखळ्यांना रचून बसायला वेळ मिळत नाही. क्लोरोबेंझीन १३२ अंशांना उकळते, म्हणून ते बरे. द्रावण थंड झाले की पी३एचटी जेलीसारखे गोठू लागते, फिल्टर तुंबतो आणि उतरलेले द्रावण ठरवल्यापेक्षा पातळ निघते. धुमकेतूच्या शेपटीसारखे पट्टे दिसले की धूळ समजावी. ओटीएसवर तर द्रावण टिकतच नाही, घरंगळून जाते: निर्वातात उपयोगी पडणारा जलविरोधी पृष्ठभाग इथे नडतो. दुसरा थर देताना त्याच्या द्रावकाने खालचा विरघळता कामा नये. पाण्यातले पेडॉट-पीएसएस हे वाहक पॉलिमर-मिश्रण सौरघटात खालच्या थरासाठी लोकप्रिय आहे ते यामुळेच, मात्र वरचा थर देण्यापूर्वी ते १४० अंशांवर १० मिनिटे तापवून पाणी घालवावे लागते.

प्रकाश आणि ऑक्सिजन एकत्र आले की पेंटासीनचे क्विनोन हे ऑक्सिडीकृत संयुग होते. ओएलईडीच्या आवरणाकडून तर दिवसाला चौरस मीटरमागे १०⁻⁶ ग्रॅमइतकीच बाष्पगळती अपेक्षित असते.

मोबिलिटी (भार किती सहज सरकतो याचे माप) ट्रान्झिस्टरच्या ड्रेन-प्रवाहाचे वर्गमूळ गेट-व्होल्टेजसमोर मांडलेल्या आलेखाच्या उतारावरून काढतात, आणि फसगत इथेच जास्त होते. आलेखाला आधी खडा, मग सौम्य असे दोन उतार असतील तर खडा उतार बहुधा धातूच्या संपर्काचा परिणाम असतो. त्यावरून काढलेली मोबिलिटी फुगलेली निघते. अर्धवाहक चॅनेलबाहेर (दोन इलेक्ट्रोडमधल्या प्रवाहमार्गाबाहेर) पसरलेला असेल तर कडेने वाहणारा प्रवाहही हिशेबात शिरतो. पटल चॅनेलपुरते कापून घ्यावे, किंवा रुंदी लांबीच्या निदान १० पट तरी ठेवावी.