साग उघडा पडतो तेव्हा

मेळघाटात सेमाडोहजवळ सिपना नदीत फेब्रुवारीत उतरलात, तर पाय जपून टाका. पाणी घोट्याएवढंच असतं, पण तळाचा गोटा असा निसटतो की माणूस पाण्यातच बसतो. त्या गोट्यावरून बोट फिरवलं की तपकिरी, बुळबुळीत साय हाती येते. गाळ समजून आपण हात धुऊन टाकतो. खरं तर ही साय म्हणजे नदीतलं कुरण आहे.

तिच्यात मुख्यतः डायटम असतात, एकेका पेशीची शेवाळं. बहुतेक डायटम मिलिमीटरच्या दहाव्या भागाहूनही लहान, पण प्रत्येकाला काचेच्या डबीसारखं कवच असतं, तळ वेगळा आणि झाकण वेगळं. ही काच म्हणजे सिलिका. मेळघाटचे हे गाविलगडचे डोंगर सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचे. तो काळा दगड झिजतो, त्यातली सिलिका पाण्यात विरघळते आणि तीच उचलून डायटम आपली डबी घडवतात. हरितद्रव्य त्यांच्यात असतंच, पण फ्युकोझँथिन नावाचं तपकिरी रंगद्रव्य त्याला झाकून टाकतं.

शेवाळाला ऊन लागतं, आणि इथेच मेळघाटचं जंगल सदाहरित वर्षावनाहून वेगळं पडतं. वर्षावनातल्या ओढ्यांवर बारमाही सावली, त्यामुळे तिथलं शेवाळ अंधुक उजेडावर भागवतं. आपल्याकडे साग. पावसाळ्यात त्याची ताटाएवढी पानं नाल्यावर छत धरतात, आणि त्याच दिवसांत पूर गोटे गडगडवत नेतो, त्यांच्यावरची साय खरवडून काढतो. हिवाळा सरता सरता साग उघडा पडतो. पाणी नितळ आणि संथ झालेलं असतं, ऊन थेट तळाला पोचतं. शेवाळाची सुगी हीच! वरचं रान वाळलेलं दिसतं तेव्हा पाण्याखाली पीक भरात असतं. काठावर जांभूळ असेल तिथे मात्र सावली टिकते, दगडावर पातळ तपकिरी थरच दिसतो. दहा पावलं पुढे, उघड्यावर, स्पायरोगायरा या धागेदार शेवाळाच्या हिरव्या जटा तरंगत असतात.

कुरण आहे म्हणजे चरणारेही आलेच. गोगलगाई, मेफ्लाय या कीटकाची पिल्लं आणि मळ्या मासा. या माशाचं तोंड डोक्याच्या खालच्या बाजूला असतं, दगड खरवडायला सोयीचं. साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने दख्खनच्या माशांचं वर्णन करताना १८३९ मध्ये त्याच्या शास्त्रीय नावातही ‘मुल्या’ हा शब्द ठेवला. नाल्यात सागाच्या पाचोळ्याचे ढीग पडलेले असतात, तरी हे जीव सायीकडे वळतात, कारण डायटम अन्न तेलाच्या थेंबांत साठवतात. कुजक्या पानापेक्षा ते कितीतरी कसदार.

दक्षिण उतारावरचे नाले डोंगर उतरून संत्र्याच्या, कपाशीच्या शिवारात शिरतात तेव्हा खतातला नत्र आणि स्फुरद पाण्यात येतो. लांब धाग्यांची शेवाळं फोफावतात, रात्री पाण्यातला प्राणवायू ओढून घेतात. डायटमच्या जातीही बदलतात, म्हणून जगभर शास्त्रज्ञ दगडावरची साय तपासून पाण्याची प्रकृती सांगतात. आपल्या गावच्या नाल्याचीही अशी तपासणी शाळेच्या सूक्ष्मदर्शकाखाली सुरू करता येईल, असं मला मनापासून वाटतं.

मे महिन्यात लहान नाले आटतात. गोट्यांवर करडी खपली उरते, नखाने खरवडली तर भुकटी होते. त्या भुकटीत रिकाम्या काचेच्या डब्या असतात आणि त्यांच्या अधूनमधून काही जिवंत पेशी, चिकट आवरणात थोडीशी ओल धरून बसलेल्या.