इफ्मिफ-डोन्स

स्पेनच्या ग्रानादा प्रांतात, एस्कुसार गावाजवळ उभे राहत असलेले न्यूट्रॉन चाचणी केंद्र. संमीलनातून, म्हणजे हलकी अणुकेंद्रके एकत्र जुळवून, वीज करणाऱ्या भावी यंत्रांच्या भिंतींचे पोलाद न्यूट्रॉनांच्या माऱ्यात किती तग धरेल, हे यंत्र बांधण्याआधीच पाहणे हे त्याचे काम.

ड्यूटेरियम आणि ट्रिटियम या हायड्रोजनच्या जड रूपांच्या संमीलनातून १४.१ दशलक्ष इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जेचा न्यूट्रॉन सुटतो. त्याला विद्युतभार नसल्याने चुंबकीय क्षेत्र त्याला अडवत नाही. तो थेट भिंतीत शिरतो आणि पोलादातले अणू जागचे हलवतो. दर अणू सरासरी किती वेळा हलला, यावरून इजा मोजतात. जड अणू फोडणाऱ्या विखंडन अणुभट्टीतही अशी इजा होते. मात्र संमीलनाचे न्यूट्रॉन तेवढ्याच इजेमागे पोलादात दसपटीहून अधिक हेलियम निर्माण करतात. हा वायू धातूच्या सूक्ष्म स्फटिककणांमधल्या सीमांवर बुडबुड्यांच्या रूपात साचतो आणि पोलाद ठिसूळ होते. त्यामुळे अणुभट्टीतले निष्कर्ष इथे जसेच्या तसे लावता येत नाहीत. फ्रान्समधल्या ईटर या प्रायोगिक संमीलन यंत्रानेही हा प्रश्न सुटत नाही. त्याच्या साऱ्या आयुष्यात भिंतीतला अणू सरासरी तीनेक वेळाच हलेल. त्यानंतरच्या ‘डेमो’ वीजकेंद्रात पहिल्या टप्प्यातच ही संख्या २०वर जाईल.

म्हणजे संमीलनाचे यंत्र नसताना संमीलनासारखे न्यूट्रॉन हवेत. त्यासाठी ड्यूटेरियमच्या केंद्रकांचा १२५ मिलिअँपिअरचा झोत ४० दशलक्ष इलेक्ट्रॉन व्होल्टपर्यंत वेगवान करून लिथियमवर सोडायचा, अशी योजना आहे. हा झोत ५ मेगावॉटचा आणि पडतो तो जेमतेम २० सेंमी बाय ५ सेंमी जागेवर. इतकी उष्णता कोणताही घन धातू फार काळ सोसणार नाही. म्हणून लक्ष्यच वाहते ठेवले आहे: २५ मिमी जाडीचा द्रव लिथियमचा पडदा, वेग सेकंदाला १५ मीटर. तापलेला धातू उकळण्याआधीच पुढे निघून जातो. तरी निर्वातात उकळण्याचा धोका उरतोच. त्यावरचा उपाय या आराखड्यातला सर्वांत देखणा भाग म्हणावा लागेल. पडद्यामागची पाटी अंतर्वक्र ठेवली आहे. वळणावर केंद्रोत्सारी प्रेरणेने लिथियम पाटीवर दाबले जाते आणि त्या दाबामुळे झोत मुरतो त्या खोलीवर ते उकळत नाही.

पाटीच्या लगेच मागे नमुन्यांची पेटी असते. लक्ष्यापासून दूर जाताच मारा झपाट्याने विरळ होतो, त्यामुळे पुरेसा तीव्र मारा मिळणारी जागा अर्ध्या लिटरपेक्षाही कमी आहे. तेवढ्यात अनेक नमुने बसवायचे, तर तेही इवलेसे हवेत, आणि त्यांच्यावरून मोठ्या भागांची ताकद सांगण्याची पद्धत वेगळी बसवावी लागते. लिथियमशी पाण्याची तीव्र अभिक्रिया होत असल्याने पेटी हेलियमने थंड करतात. लिथियममध्ये ट्रिटियम आणि बेरिलियम-७ हे किरणोत्सारी पदार्थ तयार होतात, म्हणून शुद्धीकरणाची सोय लागते आणि दुरुस्ती दूरनियंत्रित यंत्रहातांनीच करावी लागते.

अमेरिकेत हॅनफर्ड येथे अशाच केंद्राची आखणी झाली होती, पण ते १९८०च्या दशकात सोडून देण्यात आले. इफ्मिफ या आंतरराष्ट्रीय आराखड्याचे काम १९९४ साली सुरू झाले. त्यात दोन झोत होते, डोन्समध्ये एकच ठेवला आहे. २००७च्या युरोप-जपान करारानंतर जपानमध्ये ओआराई येथे लिथियमचा प्रवाह ठरलेल्या वेगाने वाहवून दाखवण्यात आला. २०१९मध्ये जपानमध्येच रोक्काशो येथे १२५ मिलिअँपिअरचा झोत ५ दशलक्ष इलेक्ट्रॉन व्होल्टपर्यंत पोहोचला, पण तो अगदी अल्पकाळाच्या स्पंदांत. एस्कुसारला तोच झोत आठपट ऊर्जेने आणि महिनोन्महिने अखंड चालवायचा आहे.