गोठवलेले उंदीर (पाळीव सापांचे खाद्य)

पाळीव सापांना घालण्यासाठी खास वाढवलेले उंदीर मारून गोठवतात आणि लागतील तसे फ्रीजरमधून काढून, बर्फ पूर्ण उतरवून, ऊब देऊन सापापुढे धरतात. कॉर्न स्नेक, किंग स्नेक, बॉल पायथन (अजगराची एक जात), बोआ (अजगरासारखे विळखा घालणारे साप) अशा बंदिवासात वाढणाऱ्या बहुतेक सापांचा आहार आज यावरच चालतो.

जिवंत उंदीर पिंजऱ्यात सोडण्याची पद्धत मागे पडली, कारण त्यात सापालाच इजा होते. भूक नसलेला साप उंदराकडे दुर्लक्ष करून पडून राहतो. उंदीर मात्र घाबरलेला किंवा भुकेला असतो आणि तो सापाचा डोळा, तोंड, पाठ कुरतडतो. पाठीचा कणा उघडा पडेपर्यंत कुरतडले गेलेले साप पशुवैद्यांकडे येतात. शिवाय कोंडलेल्या जागेत उंदराला पळायला वाट नसते. त्याचा जीव आधीच, शक्य तितक्या कमी त्रासात घेतलेला बरा. त्यासाठी साधारणपणे कार्बन डायऑक्साइड वापरतात. नवजात पिल्ले कमी ऑक्सिजनमध्ये बराच वेळ तग धरतात, म्हणून त्यांना वायूत मोठ्या उंदरांपेक्षा पुष्कळ जास्त वेळ ठेवावे लागते.

हे खाद्य माउस (लहान जात) आणि रॅट (मोठी जात) अशा दोन्ही प्रकारांत मिळते आणि वयानुसार ओळखले जाते. केस न आलेले गुलाबी पिल्लू म्हणजे पिंकी, लव फुटलेले फझी, डोळे उघडून उड्या मारू लागलेले हॉपर, त्यानंतर पूर्ण वाढलेले. निवड करताना सापाच्या शरीराचा सर्वांत जाड भाग पाहतात. भक्ष्य त्याच्याइतके किंवा फार तर दीडपट जाड असावे. लहान साप पाच ते सात दिवसांनी खातो. वाढलेल्या सापाला दहा ते चौदा दिवसांचे, मोठ्या अजगरांना त्याहूनही जास्त अंतर चालते.

साठवण उणे १८ अंश सेल्सिअसला, हवा काढून घट्ट बंद केलेल्या पिशवीत करावी आणि पिशवीवर तारीख लिहावी. गोठवल्यावरही चरबी हळूहळू खवट होते आणि ई जीवनसत्त्व घटत जाते. त्यामुळे सहा महिन्यांत संपेल इतकाच साठा ठेवणे चांगले.

तयारीतला सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत जास्त घाईने उरकला जाणारा टप्पा डीफ्रॉस्ट करण्याचा. उत्तम पद्धत म्हणजे आदल्या रात्री उंदीर बंद पिशवीत घालून फ्रीजच्या खालच्या भागात ठेवणे. पिंकीला काही तास पुरतात, मोठ्या रॅटला अख्खा दिवसही लागू शकतो. वेळ कमी असेल तर पिशवी गार पाण्यात बुडवावी आणि पाणी बदलत राहावे. ओट्यावर दिवसभर उघडे ठेवू नये. बाहेरचे मांस खराब होऊ लागते तेव्हा आतला भाग अजून गोठलेलाच असतो.

बर्फ उतरला की नाही हे पोटावर बोटाने दाबून कळते. कातडी मऊ, पाय लवचीक, तरीही बरगड्यांखाली खड्यासारखे काही टणक लागत असेल तर आतडी अजून गोठलेली आहेत. असा उंदीर परत गार पाण्यात जातो. हा टणकपणा का चालत नाही, याचे उत्तर सापाच्या पचनात आहे. सापाला स्वतःची ऊब नसते, त्याचे पाचकरस बाहेरच्या उष्णतेवर काम करतात. आतून थंड असलेले भक्ष्य पोटातच सडू लागते, वायू धरतो आणि साप ते ओकून टाकतो. ओकताना पोटातले आम्लही बाहेर पडते आणि अन्ननलिका दुखावते. म्हणून त्यानंतर किमान दहा दिवस उपास आणि मग नेहमीपेक्षा लहान भक्ष्य, असा क्रम ठेवतात.

पूर्ण मऊ झाल्यावरच ऊब द्यायची. पिशवी हाताला सोसेल इतक्या गरम पाण्यात दहा-वीस मिनिटे ठेवली की उंदराचा पृष्ठभाग ३८ ते ४० अंशांवर येतो. उकळते पाणी टाळावे. त्याने मांस शिजते, पोटाची कातडी सैल होते आणि चिमट्याने धरताच फाटते. मायक्रोवेव्ह तर अजिबात नको. तो कुठे थंड, कुठे जळजळीत असे असमान तापवतो, पोट फुटते आणि गरम राहिलेला भाग सापाचे तोंड व घसा भाजतो.

अजगर आणि अनेक बोआंच्या ओठांवर उष्णता ओळखणारे खळगे असतात, त्यामुळे त्यांच्यासाठी ऊब महत्त्वाची. बॉल पायथन खायला नाखूश असेल तर देण्याआधी उंदराचे फक्त डोके पुन्हा गरम पाण्यात बुडवतात किंवा हेअर ड्रायरने तापवतात. कॉर्न स्नेकला असे खळगे नसतात. तो जिभेने वास टिपतो आणि खोलीच्या तापमानाचा उंदीरही बहुधा घेतो. दोघांसाठीही केस कागदाने टिपून कोरडे करावेत, नाहीतर पिंजऱ्यातला भुसा चिकटून पोटात जातो.

उंदीर लांब चिमट्याने कमरेजवळ धरून, डोके सापाकडे करून संथ हलवतात. हातांना उंदराचा वास असेल तर साप हातावरही झेपावतो. झडप बसली की चिमटा सोडून दूर व्हावे. विळखा सैल झाल्यावर साप उंदराचे डोके शोधतो आणि तिथूनच गिळू लागतो. न खाल्ल्यास अंधारात रात्रभर राहू द्यावे, सकाळी टाकून द्यावे. पुन्हा गोठवू नये. खाल्ल्यानंतर ४८ तास सापाला हातात घेऊ नये.

गोठवल्याने अनेक परजीवी मरतात, पण साल्मोनेला हा माणसाचे पोट बिघडवणारा जिवाणू जिवंत राहतो. अमेरिकेत २०१० आणि २०१४ मध्ये गोठवलेल्या उंदरांमुळे माणसांत साल्मोनेलाची लागण झाली होती. म्हणून उंदरांसाठी वेगळा फ्रीजर किंवा निदान झाकणाचा स्वतंत्र डबा असावा, भांडी, चिमटा आणि पाण्याचे पातेले स्वयंपाकाचे नसावे आणि काम संपताच साबणाने हात धुवावेत. पाच वर्षांखालच्या मुलांना यातल्या कशालाही हात लावू देऊ नये.