कॉफीच्या बागेला पाणी: कधी परवडते, कधी नाही

कॉफीची बाग केवळ पावसावर ठेवावी की तिला सिंचनाची जोड द्यावी, हे बहुधा हेक्टरी सरासरी उत्पादनाची तुलना करून ठरवले जाते. ही तुलना अपुरी आहे. कॉफीच्या झाडाला वर्षभरात एकूण किती पाणी मिळाले यापेक्षा ते कोणत्या आठवड्यांत मिळाले याला अधिक महत्त्व असते. सिंचनाचा नफाही दरवर्षी सारखा येत नाही; त्याचा मोठा भाग मोजक्या वर्षांतच पदरात पडतो.

कोरड्या ऋतूत कॉफीच्या फुलकळ्या सुप्तावस्थेत जातात. काही काळ पाण्याचा ताण बसल्यानंतर चांगला पाऊस झाला, तर साधारण आठवडा-दहा दिवसांत सगळी बाग एकदम फुलते. दक्षिण भारतात हे काम मार्च-एप्रिलच्या वळवाच्या सरी करतात. पाऊस लांबला तर कळ्या करपतात, आणि अगदी थोडा पडून थांबला तर त्या अर्धवट उमलून गळतात. रोबस्टा जातीत हा धोका आणखी मोठा असतो, कारण तिच्या झाडाला स्वतःच्या परागकणांनी फळ धरत नाही आणि आजूबाजूची झाडे त्याच वेळी फुलणे आवश्यक ठरते. पुढे फुलोऱ्यानंतरच्या साधारण सहाव्या ते सोळाव्या आठवड्यात फळ वेगाने फुगते. त्या काळात पाणी कमी पडले तर बी ज्या पोकळीत भरायचे ती पोकळीच लहान राहते आणि नंतर कितीही पाऊस झाला तरी दाण्याचा आकार वाढत नाही.

आता खर्चाकडे पाहू. फुलोऱ्यासाठी ४० मिलिमीटर पाणी द्यायचे झाल्यास हेक्टरी ४ लाख लिटर लागते. हे पाणी ५० मीटर खोलीवरून उपसून तुषार सिंचनाने द्यायचे असेल, तर तुषारांच्या दाबासाठी आणखी ३० मीटर उंचीइतके बळ लागते असे धरावे. पंपाची एकूण कार्यक्षमता निम्मी मानली, तर सुमारे १७५ युनिट वीज खर्च होते. हेक्टरी १ टन कॉफी देणाऱ्या बागेत एक दशांश बहर जरी या पाण्यामुळे वाचला तरी १०० किलो कॉफी हाती येते, आणि तिच्या किमतीपुढे ही वीज नगण्य आहे. खरा बोजा असतो तो विहीर, तळे, नळ्या आणि पंप यांवरील भांडवलाचा. कर्जाचा हप्ता आणि घसारा पावसाची वाट पाहत नाहीत. वळीव वेळेवर आला आणि पंप सुरूही करावा लागला नाही, तरी ते द्यावेच लागतात.

पहिल्या पाण्याचा मोबदला असा मोठा असला तरी प्रत्येक पुढच्या पाळीचा लाभ घटत जातो. व्हिएतनामच्या मध्य पठारावरील रोबस्टाच्या बागांना जानेवारी ते एप्रिलच्या कोरड्या काळात तीन-चार पाळ्या दिल्या जातात. त्या देशाचे हेक्टरी उत्पादन जगात सर्वाधिक उत्पादनांपैकी आहे, यात सिंचनाचा आणि खतांचा मोठा वाटा आहे. मात्र तेथील अनेक शेतकरी गरजेपेक्षा बरेच जास्त पाणी देतात असे अभ्यासकांना वारंवार आढळले आहे. जास्तीच्या पाण्याने उत्पादन वाढत नाही, खत मुळांखाली वाहून जाते आणि भूजलाची पातळी खाली जाऊन सर्वांचाच उपसा महाग होतो.

ठरावीक काळ पाणी न देण्याचाही फायदा असतो, हे ब्राझीलच्या सेराडो प्रदेशात स्पष्ट दिसते, आणि या विषयातील ही मला सर्वांत महत्त्वाची बाब वाटते. तेथील संशोधकांनी सिंचित बागांचे पाणी तिथल्या हिवाळ्यात (जून ते ऑगस्ट) सुमारे ७० दिवस मुद्दाम तोडून सप्टेंबरच्या सुरुवातीस पुन्हा सुरू करण्याची पद्धत विकसित केली. त्यामुळे बहर एकाच वेळी येतो, फळे एकत्र पिकतात आणि तोडणीच्या फेऱ्या कमी होतात. तोडणीची मजुरी हा कॉफीच्या खर्चातील फार मोठा भाग असल्याने ही बचत वाचलेल्या पाण्याइतकीच मोलाची आहे. ज्या बागेत वर्षभर पाणी चालू असते, तिथे फुले तुकड्यातुकड्यांनी येतात आणि एकाच फांदीवर कच्ची व पिकलेली फळे सोबत दिसतात.

बाजारभावाचा हिशेब वेगळाच आहे. जागतिक बाजारात अरेबिका या कॉफीच्या दुसऱ्या प्रमुख जातीचा भाव २००१ साली पौंडाला अर्ध्या डॉलरच्याही खाली गेला होता, तर २०२५ च्या फेब्रुवारीत तो ४ डॉलरच्या वर होता. मोठ्या उत्पादक प्रदेशात अवर्षण पडले की भाव चढतो, आणि नेमक्या त्या वर्षी ज्याच्याकडे पाणी असते त्याला पीकही मिळते आणि भावही. उलट मंदीच्या वर्षांत जिरायती बागायतदार खत-मजुरी आखडून तग धरू शकतो, पण कर्ज काढून सिंचन केलेल्याला ती मोकळीक नसते. सावलीची झाडे आणि पालापाचोळ्याचे आच्छादन यांनी जिरायती बाग ताण अधिक सोसते. तिचे उत्पादन कमी असले तरी जोखमीत अडकलेले भांडवलही कमी असते.

मात्र पाण्याचा स्रोत खरोखर टिकणारा हवा. ब्राझीलच्या एस्पिरितु सांतु राज्यातील रोबस्टाच्या बागा मोठ्या प्रमाणात सिंचनावर अवलंबून आहेत. २०१५-१६ च्या दुष्काळात तेथील नद्या आटल्या, सिंचनावर निर्बंध आले आणि २०१६ चे रोबस्टा उत्पादन २०१४ च्या जवळपास निम्म्यावर घसरले. म्हणून सिंचनाच्या अंदाजपत्रकात पंप आणि नळ्यांइतकीच, पावसाळ्यात भरून ठेवता येईल अशा तळ्याचीही रक्कम धरावी लागते.